दीर्घायुषी सेवकाचे स्मरण कसे करावे?

एका खेड्यातील शिक्षक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. वरवर पाहता तो लहान दिसतो. परंतु उत्तर लिहावयास बसलो तेव्हा तीन वेळा कागद फाडावा लागला. प्रश्न असा: १७ सप्टेंबर रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, त्यांच्या गावच्या शाळेत झेंडावंदन होते, आणि यंदा गोविंदभाई श्रॉफ यांच्याविषयी मुलांस चार शब्द सांगण्याचे काम त्यांच्याकडे आले आहे. ते लिहितात, "गोविंदभाई थोर होते हे मी जाणतो. परंतु १९७८ साली नामांतराच्या दंगलीत आमच्या वस्तीतील घरे जळाली, त्यांत माझ्या आजोबांचे घरही गेले. आणि गोविंदभाई नामांतराच्या विरुद्ध होते. मी त्यांचे गुण गाइले तर आजीस तोंड कसे दाखवू? न गाइले तर शाळेत कृतघ्न ठरेन. मी काय करावे?"

आपल्याकडे म्हण आहे, मेल्या म्हशीला मणभर दूध. जी जिवंतपणी शेरभर देत नव्हती, ती मेल्यावर मणभर देत होती असे धनी सांगत सुटतो. मंडळीतील कोणी वडील मनुष्य निवर्तला म्हणजे आपणही पुष्कळदा असेच करितो. ज्याने भाऊबंदांशी बांधावरून जन्मभर भांडण केले त्यास आपण शांतिप्रिय म्हणतो, आणि कबरेभोवती उभे असलेले लोक खाली मान घालून पायाने माती सारखी करीत राहतात. ह्यात फारसे पाप आहे असे आम्हांस वाटत नाही. घरच्यांचे दुःख ताजे असते, आणि दोन गोड शब्दांनी कोणाचे शेत बुडत नाही.

परंतु गोविंदभाईंची गोष्ट ह्या म्हणीत बसत नाही. येथे दूध खरोखरच मणभर होते. अडचण हीच की, दूध खरे आणि जळालेले घरही खरे. म्हणून आधी दूध किती होते ते मापून पाहू.

गोविंदभाईंचा जन्म २४ जुलै १९११ रोजी झाला आणि २१ नोव्हेंबर २००२ रोजी ते वारले. ज्या नगरात त्यांचे बहुतेक आयुष्य गेले त्यास तेव्हा औरंगाबाद म्हणत. २०२३ सालापासून सरकारदरबारी त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर असे आहे. गणित हा त्यांचा विषय. मद्रास व कलकत्ता येथे शिकून आल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकाचे काम केले. त्या काळी मराठवाड्याचे पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. असा उच्चशिक्षित तरुण सरकारी नोकरीत राहता तर सुखाने पेन्शन घेता. त्यांनी ती वाट सोडली व ते स्वामी रामानंद तीर्थ यांचे सोबती झाले.

१९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरिला. त्यास मनाई झाली, तेव्हा मुलांनी संप केला आणि तो संप पसरत हैदराबादेस पोहोचला. नावे कमी झालेल्या कितीएक विद्यार्थ्यांस नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे भारताचे प्रधानमंत्री झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. औरंगाबादच्या मुलांच्या पाठीशी जी वडील माणसे उभी होती त्यांत गोविंदभाई होते. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली, व ती १९४६ पर्यंत उठली नाही. पुढे ऑगस्ट १९४७ मध्ये स्वामीजींस कैद झाल्यावर लढा चालविण्यासाठी दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली जी कृती समिती काम करू लागली तीत गोविंदभाई होते. सरहद्दीवर ठिकठिकाणी केंद्रे उभी राहिली आणि वर्षभर रझाकारांशी झुंज चालली. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदुस्थानचे सैन्य आत शिरले व १७ तारखेस निजामाने शरणागती दिली.

त्या दिवशी गोविंदभाईंचे वय सदतीस होते. त्यापुढे ते चौपन्न वर्षे जगले.

वाचकहो, ह्या चौपन्न वर्षांकडे आम्ही तुमचे लक्ष विशेष वेधू इच्छितो, कारण लोक १९४८ पर्यंतची कथा सांगतात आणि थांबतात. लढाईत मनुष्य आपल्या बळापेक्षा अधिक काम करितो. भय, संताप, सोबत्यांची लाज ही सर्व त्यास पुढे ढकलीत असतात. विजयानंतर ढकलणारे कोणी उरत नाही. तेव्हा काय करावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. कोणी मंत्री होतो, कोणी जमीन मागतो, कोणी जुन्या आठवणी सांगत ओट्यावर बसतो. गोविंदभाई मंत्री झाले नाहीत. त्यांनी जे काम पत्करिले ते असे नीरस होते की त्याची कथा सांगू लागले तर मुले जांभया देतील: सभा, निवेदने, हिशेब, आकडे, पुन्हा सभा.

एक उदाहरण घ्या. निजामाच्या काळी मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी ह्या बाजूस जो लोहमार्ग घातला गेला तो मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला. मुंबईकडून मनमाडास येणारा मार्ग ब्रॉड गेजचा. त्याचे अंतर १.६७६ मीटर. ह्यामुळे मुंबईहून आलेला मालाचा डबा मनमाडच्या पुढे येऊच शकत नसे. प्रत्येक पोते हमालाने एका डब्यातून उतरवावयाचे आणि दुसऱ्यात चढवावयाचे. उतारू मंडळींसही गाठोडी घेऊन गाडी बदलावी लागे. खर्च वाढे, वेळ जाई, माल फुटे. आणि कारखानदार म्हणे, अशा मुलखात मी कारखाना का काढू? दोन रुळांतील त्या सुमारे दोन फुटांच्या फरकाने एका प्रांताचे किती नुकसान झाले असेल ह्याचा हिशेब गणिताच्या माणसासच सुचावयाचा. १९५६ साली मराठवाडा कोणतीही अट न घालता मुंबई राज्यात गेला. परंतु रूळ तेच राहिले. वसमत येथे विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि १९७४ साली मराठवाडा विकासाचे जे आंदोलन पेटले, त्याचे पुढारपण गोविंदभाईंकडे आले. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. रेल्वेचे रुंदीकरण, पाटाचे पाणी, कारखाने, शिक्षण अशा त्यांच्या मागण्या होत्या. मनमाडकडून रुंद मार्ग औरंगाबादेस पोहोचला तो १९९० नंतरच्या वर्षांत.

मराठवाडा जनता विकास परिषदेच्या द्वारे ते हे काम वर्षानुवर्षे करीत राहिले. १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेस आले. परभणीचा किंवा बीडचा गरीब वादी मुंबईच्या गाडीभाड्यातून सुटला. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने प्रांताप्रांतांतील अनुशेष मोजला, त्यात मराठवाड्याचा अनुशेष सुमारे ७५० कोटी रुपयांचा निघाला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे झाली. त्यांची मुदत २०२० साली संपली. ही कामे एकट्या गोविंदभाईंची होती असे म्हणणे म्हणजे पुन्हा म्हशीचे दूध वाढविणे होईल. परंतु जी माणसे ह्या मागण्यांस चिकटून राहिली त्यांत ते अग्रभागी होते, ह्यात शंका नाही. ह्याशिवाय १९१५ साली निघालेल्या सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली, आणि स्वामीजींबरोबर मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती उभी केली. ह्या समितीच्या नांदेड व उदगीर येथील केंद्रांत राष्ट्रध्वजाच्या खादीचे काम होते. १९९२ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. त्याच यादीत निजामाशी लढलेले तेलंगणातील रावी नारायण रेड्डी व कवी काळोजी हेही होते, आणि तेव्हा दिल्लीस प्रधानमंत्री होते ते वंदे मातरम् च्या संपातील नरसिंह राव. असा योग क्वचित येतो.

इतके दूध मापून झाले. आता घराकडे येऊ.

औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० साली, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या नगरात कॉलेज काढिले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ज्या मुलांस गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती ती तेथे पदवीधर होऊ लागली. म्हणून विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे अशी मागणी झाली, आणि २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळिली, माणसे पळाली, कित्येक मारली गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे हे त्यांतलेच. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे झाले.

गोविंदभाईंनी त्या मागणीस विरोध केला होता. 'मराठवाडा' हे नाव राहावे असा त्यांचा व त्यांच्याबरोबरच्या अनेक जुन्या सैनिकांचा आग्रह होता. त्यांच्या बाजूने जितके बोलता येईल तितके प्रामाणिकपणे बोलावे म्हणून आम्ही असे म्हणू: ज्या नावासाठी त्यांनी तुरुंग पाहिला, ज्या नावाने त्यांनी मुंबई-दिल्लीकडे पाणी व रूळ मागितले, ते नाव पुसले जाऊ नये असे त्यांस वाटणे हे द्वेषाचे लक्षण नव्हे. शेवटी विद्यापीठाच्या नावात तो शब्द राहिलाही. आणि जाळपोळ त्यांनी सांगितली नव्हती. येथवर आम्ही त्यांचे वकीलपत्र घेतो.

परंतु ह्यापुढे आमचे वकीलपत्र चालत नाही. शहरात, सभागृहात, सभ्य शब्दांत मांडलेला युक्तिवाद खेड्यात पोहोचतो तेव्हा तो त्याच शब्दांत पोहोचत नाही. तेथे त्याची काठी होते, पलिता होतो. इतके थोर गोविंदभाईदेखील नको म्हणतात, एवढेच गावगुंडास पुरे असते. त्यांच्या कारणांशी त्यास कर्तव्य नसते. ज्याचे नाव मोठे त्याच्या शब्दाची सावलीही मोठी पडते, आणि ती कोणाच्या दारावर पडते हे पाहण्याचे ओझे त्याच्यावर इतरांपेक्षा अधिक असते. ज्या मनुष्याने दोन रुळांतील अंतराने गरिबाचे किती नुकसान होते हे मोजिले, त्यास पाणवठा व वस्ती ह्यांतील अंतर मोजता आले असते, असे आम्हांस वाटते. वाटते म्हणूनच दुःख होते. क्षुद्र माणसाने विरोध केला असता तर आजीस इतके लागले नसते.

आता कोणी म्हणेल, मृत मनुष्य उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा त्याची चूक काढणे हा भेकडपणा आहे. ह्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आम्ही सोडून देत नाही. मनुष्याचा तापटपणा, त्याचे घरातील बोलणे, त्याची खाजगी उणीव ह्यांचे मोल त्याने स्वतः किंवा त्याच्या घरच्यांनी दिलेले असते. ती त्याच्याबरोबर मातीत जाऊ द्यावी. परंतु ज्या चुकीचे मोल परक्यांनी दिले, ती त्याची एकट्याची मालमत्ता राहत नाही. ती पुरून टाकावयाची तर ज्यांनी मोल दिले त्यांस विचारले पाहिजे, आणि आजीस कोणी विचारलेले नाही.

दुसरे कोणी म्हणेल, मुलांपुढे असे बोलल्याने त्यांची श्रद्धा उडेल. आम्ही खेड्यात राहिलो आहो. आमचा अनुभव उलट आहे. मुलांस सर्व ठाऊक असते. शाळेत गुरुजी एक सांगतात आणि रात्री चुलीपाशी आजी दुसरे सांगते. मूल दोन्ही ऐकते आणि मनात ठरविते की, शाळेत सांगतात ते सभेपुरते असते. मग गुरुजींनी निजामाविरुद्धच्या लढ्याचे खरे सांगितले तरी ते त्यास खोट्याच्याच खात्यात घालते. एक अर्धसत्य दहा सत्यांस बुडविते, आणि श्रद्धा जी उडावयाची ती अशी उडते.

आणि गावात एक तिसरी वस्तीही असते, हे ह्या दिवशी विसरू नये. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ज्या सूडाच्या लाटा उठल्या त्यांत मुसलमान लोकांची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांची समिती सरकारने पाठविली; तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला, आणि तो अहवाल कितीएक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांच्या जुलमाचे मोल अशा पुष्कळांनी दिले की ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता. तेव्हा झेंड्यापुढे जी मुले उभी असतील त्यांत तीन प्रकारच्या चुलींपाशी वाढलेली मुले असतील.

आम्हांस ह्यातून एकच कसोटी सुचते. जे बोलणे गावठाणात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत आणि मशिदीजवळच्या आळीत एकाच शब्दांत करिता येईल, एकही वाक्य बदलावे लागणार नाही, त्यास स्मरण म्हणावे. एका ठिकाणी बोलावयाचे व दुसऱ्या ठिकाणी गिळावयाचे ते स्मरण नव्हे. ती आपल्या माणसांची मर्जी राखणे होय. ही कसोटी सोपी नाही. ती केवळ स्तुतीस अडविते असेही नव्हे. वस्तीत उभे राहून नुसती निंदा करणेही ह्या कसोटीत उतरत नाही, कारण तीच निंदा मनमाडच्या फलाटावर पोती वाहिलेल्या हमालापुढे, किंवा खंडपीठ आल्याने ज्याचा जमिनीचा दावा चालला त्या शेतकऱ्यापुढे, तशीच बोलता येणार नाही. आणि तो हमाल किंवा तो शेतकरी वस्तीतलाही असू शकेल.

अशा रीतीने बोलल्यास गोविंदभाई लहान होतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. जो तिशीत वारला त्याचे स्मरण सोपे असते. त्यास चुकण्यास अवधीच मिळाला नाही. जो एक्याण्णव वर्षे जगला व शेवटपर्यंत सार्वजनिक कामात राहिला, त्याने पुष्कळ वेळा निर्णय घेतले, आणि ज्याने पुष्कळ निर्णय घेतले त्याच्या हातून एखादा असा घडणारच की ज्याचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर पडले. जे ओट्यावर बसून राहिले त्यांची अशी चूक निघत नाही. हे सांगून आम्ही चुकीवर पांघरूण घालीत नाही. १९७८ चे घर १९७८ चेच राहते. केवळ एवढेच की, पूर्ण मनुष्य सांगावयाचा तर त्याचे एक्याण्णव वर्षांचे आयुष्य सबंध सांगावे लागते, आणि त्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. शाळेच्या मुख्याध्यापकांस हे आधी कळवून ठेवावे.

तेव्हा बंधूंस आमचे सांगणे असे. भाषण नाकारू नका. तुम्ही नाकारले तर दुसरा कोणी बोलेल आणि तो मणभर दूध सांगून खाली बसेल. मुलांस १९३८ चा संप सांगा. संपाची गोष्ट मुलांस आवडते. मग रूळ सांगा. दोन दोऱ्या घेऊन मैदानावर एक मीटरचे व पावणेदोन मीटरचे अंतर आखून दाखवा, आणि दोन मुलांस पोते उचलून इकडून तिकडे न्यावयास लावा, म्हणजे त्यांस कळेल की एक वृद्ध मनुष्य इतकी वर्षे कशासाठी अर्ज लिहीत होता. जो झेंडा वर चढला त्याची खादी कोठे होते तेही सांगा. त्यानंतर सरळ सांगा की, ह्याच मनुष्याने १९७८ साली डॉ. आंबेडकरांच्या नावास विरोध केला, त्याची कारणे अमुक होती, आणि त्याच दिवसांत आपल्या गावात घरे जळाली, त्यांत माझ्या आजोबांचे होते. आवाज चढवू नका. पोचिराम कांबळे यांचे नाव घ्या आणि क्षणभर थांबा. मुलांनी काही विचारले तर जेवढे ठाऊक असेल तेवढेच सांगा.

परंतु हे सर्व शाळेत बोलण्यापूर्वी लिहून काढावे, आणि आदल्या रात्री आजीस वाचून दाखवावे. ती म्हातारी आहे, तिला ऐकू कमी येत असेल, तर पुन्हा वाचावे. गोविंदभाईंच्या रुळांविषयी ऐकून ती कदाचित म्हणेल की, आम्हीही मनमाडास गाडी बदलली होती, तुझा बाप कडेवर होता. तसे म्हणाली तर तेही भाषणात घालावे. आणि घराविषयीच्या वाक्यात तिने एखादा शब्द बदलावयास सांगितला, तर तो बदलावा.